ईमान भिंतीवरच्या क्रुसाने जात नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जत्रा भरते. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. घरी कॉम्प्युटर नाही, अब्बांच्या मोबाइलवर पान उघडत नाही, आणि अर्ज उर्दूत नसतो. म्हणून मुली शाळेतच येतात आणि आम्ही शिक्षक शेजारी बसून एकेकीचा अर्ज भरून देतो. शेवटी पसंतीक्रम येतो. एक नंबरला कोणते कॉलेज, दोन नंबरला कोणते. त्या चार-आठ ओळींत मुलीच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा निकाल लागतो, हे आम्हाला आता कळून चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने एक नंबरला दक्षिण मुंबईतल्या एका कॅथलिक कॉलेजचे नाव लिहिले. मुलगी शाळेत पहिली आलेली, ९१ टक्के. आदल्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये ती बसत होती. आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, सोबत चाचा. वडील गप्प होते, चाचाच बोलले. ‘‘सर, ये नाम काट दो. वहाँ दीवार पे सलीब लगी है. बच्ची का ईमान कौन संभालेगा?’’ मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही काय केले? वाद घातला? समजावून सांगितले? नाही. अर्ज अजून लॉक झालेला नव्हता. आम्ही माऊस हातात घेतला आणि ते नाव काढून टाकले. आमच्याच हाताने.

ती मुलगी घराजवळच्या कॉलेजात गेली. घराजवळचे कॉलेज वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही, पण तिने ते निवडले नव्हते. बारावी झाली आणि शिक्षण थांबले. आता ती गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्यातली निम्मी मुले कॉन्व्हेंट शाळेची आहेत. चाचांचा धाकटा मुलगाही त्यातच आहे.

हा लेख त्या चाचांच्या विरोधात आहे. आणि तितकाच आमच्या विरोधात आहे.

प्रथम ईमानाचा प्रश्न घेऊ, कारण तोच सर्वांत आधी पुढे केला जातो. इल्मसाठी चीनपर्यंत जा, ही सभांमधून नेहमी ऐकू येणारी हदीस आम्ही येथे सांगणार नाही. तिच्या सनदीविषयी खुद्द उलेमांनीच शंका घेतली आहे. तिची गरजही नाही. बद्रची हकीकत मोहल्ल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. इ. स. ६२४ मध्ये बद्रच्या लढाईत मक्केचे लोक कैद झाले. त्यांच्यातल्या ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे, हाच त्यांचा फिदिया ठरला. हे कैदी मुसलमान नव्हते. शेजारी नव्हते, मित्रही नव्हते. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे ठाकलेले शत्रू होते. त्यांच्यापुढे मदिनेची कोवळी मुले बसवताना हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) त्या मुलांच्या ईमानाची धास्ती वाटली नाही. आम्हाला मात्र प्राध्यापकाच्या डोक्यामागच्या क्रुसाची धास्ती वाटते!

आणि ख्रिस्ती लोक आम्हाला परके कधीपासून झाले? मक्केत छळ सुरू झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांनी हिजरत केली ती हबशाला, म्हणजे एका ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला. नजाशीच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियमची तिलावत केली आणि राजाने मुसलमानांना मक्केवाल्यांच्या हवाली करण्यास नकार दिला. ज्या मरियमच्या नावाची सूरह आम्ही डोक्यावर ओढणी घेऊन वाचतो, तिच्याच पुतळ्यासमोरून कॉलेजच्या जिन्याकडे जाताना आमच्या मुलीचे ईमान डळमळेल असे ज्याला वाटते, त्याने मुलीला आजवर काय शिकवले हे आधी सांगावे. सोळा वर्षे घरात, मकतबमध्ये आणि आमच्या शाळेत वाढलेले ईमान भिंतीवरच्या दोन लाकडी पट्ट्यांनी पुसले जात असेल, तर दोष त्या पट्ट्यांचा नाही.

कायद्याचेही ऐकून ठेवा. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८ मधील तिसऱ्या पोटकलमानुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे अकरावीतल्या मुलीच्या बाबतीत ही किल्ली तिच्या अब्बांच्याच खिशात आहे. ती वापरायची सोडून दारालाच कुलूप का लावता?

कुणी म्हणेल, पाद्री लोक धर्मांतर करतात. हा आरोप कुठून आला ते जरा आठवा. जे लोक ख्रिस्त्यांवर तो करतात, तेच आमच्यावर ‘लव्ह जिहाद’चा करतात. आमच्यावरचा आरोप खोटा आणि त्यांच्यावरचा तेवढा खरा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचे? दुसऱ्याच्या घरातला संशय उसना आणून आपल्या मुलीची वाट अडवणे, याला दीनदारी म्हणत नाहीत.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचे नाव घेतले की आमच्यातले काहीजण नाक मुरडतात. ते वीणा वाजवायचे, गीता वाचायचे वगैरे. बरे, त्यांचे सोडा, त्यांच्या वडिलांचे बोला. जैनुलाब्दीन हे रामेश्वरमच्या मशिदीचे इमाम होते, नावेवर पोट असलेले गृहस्थ. त्या इमामाचा मुलगा तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात, जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकला आणि १९५४ साली तेथून पदार्थविज्ञानाचा पदवीधर झाला. वसतिगृहाच्या खोलीत त्याचे सोबती होते एक अय्यंगार ब्राह्मण आणि एक सीरियन ख्रिश्चन. इमामाला आपल्या मुलाच्या ईमानाची खात्री होती. आमच्या चाचांना नाही.

खरी गोष्ट अशी की ही भीती ईमानाची नाहीच. ती असती तर सर्वत्र दिसली असती. बाळंतपणाला मिशनचे हॉस्पिटल आम्हाला चालते. तेथे खाटेच्या वर क्रूस असतो आणि बाळाला पहिल्यांदा हातात घेणारी नर्स बहुधा केरळची ख्रिस्ती मुलगी असते. अजान तिच्यासमोरच बाळाच्या कानात दिली जाते. तेव्हा सलीब दिसत नाही. मुलाला कॉन्व्हेंटच्या के.जी.त घालण्यासाठी आम्ही पहाटे चारला रांग लावतो, पाद्रीसाहेबांची चिठ्ठी मिळते का म्हणून ओळखी काढतो. तेव्हाही सलीब दिसत नाही. ती दिसते फक्त मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर, तिने लोकलने पाच स्टेशने एकटीने जायचे म्हटल्यावर. म्हणजे भीती कसली आहे? ती एकटी जाईल, ओळखी करील, प्रश्न विचारील, आणि उद्या चाचा बोलत असताना गप्प उभी राहणार नाही, याची ही भीती आहे. तिला ईमानाचे नाव देऊ नका. ईमानाची बेअदबी होते.

आता आमच्याकडे वळू. आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड. झालेले, मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व या विषयावर दहा मार्कांचे उत्तर तोंडपाठ असलेले. आमच्यातल्या किती जणांची स्वतःची मुले उर्दू शाळेत आहेत? स्टाफरूममध्ये हात वर करायला सांगितले तर हात मोजायला एका हाताची बोटे पुरतील. आमची मुले कॅथलिक शाळेत, आणि दुसऱ्यांच्या मुलींना मात्र ‘‘बेटा, घर के पास का कॉलेज अच्छा है.’’ आम्ही त्या दिवशी माऊस का हातात घेतला? पालकांना नाराज केले तर पुढच्या वर्षी त्या गल्लीतून पाचवीला मुले येणार नाहीत, पट घसरेल, तुकडी जाईल, आणि आमच्यातला एकजण अतिरिक्त ठरेल, म्हणून. चाचांनी ईमानाचे नाव पुढे केले, आम्ही पालकांच्या इच्छेचे. दोघांनीही मुलीला विचारले नाही.

आमचा दुसरा गुन्हा याहून मोठा आहे. समजा, आम्ही ते नाव तसेच ठेवले असते. मग काय झाले असते? पहिल्या दिवशी प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागले असते आणि ९१ टक्क्यांची आमची मुलगी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली असती. हे आम्ही पाहिले आहे. गेलेल्या मुलींपैकी काही पहिल्याच सत्रात परत आल्या. त्यांना कोणी हाकलले नाही, कोणी त्यांना बायबल वाचायला लावले नाही. त्यांना वर्गात हात वर करून ‘‘मला समजले नाही’’ एवढे इंग्रजीत म्हणता आले नाही. तेवढे आम्ही दहा वर्षांत शिकवले नव्हते. धडा उर्दूत समजावायचा, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यायची, मुलींनी ती पाठ करायची, याला आम्ही इंग्रजीचा तास म्हणतो. मराठीचीही तीच गत. महाराष्ट्रात जन्मलेली मुलगी बँकेतला मराठी फॉर्म पाहून घाबरते आणि आम्ही उर्दूवरचे प्रेम व्यक्त करतो! उर्दू आमची जान आहे, पण जान घरात कोंडून वाचत नाही.

या बाबतीत पाद्र्यांकडून शिकण्यासारखे आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने येथली भाषा इतकी आत्मसात केली की मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही याच ओवीत योगसंग्राम लिहिला, म्हणजे आमच्याही घरात ही रीत होती. परकी भाषा शिकल्याने स्टीफन्सचा धर्म गेला नाही, शेख महंमदांचे नाव गेले नाही. आम्हाला मात्र अजून वाटते की इंग्रजी आली की नमाज जाते.

आता आमच्यातल्या दुसऱ्या पक्षाशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. शिकले-सवरलेले, बांद्र्याला राहायला गेलेले आमचे काही बंधू आहेत. त्यांच्या मते झेवियर्स किंवा सोफिया म्हणजे माणूस झाल्याचा दाखला. तेथे गेलेली मुलगी पुढारलेली, महाराष्ट्र कॉलेजात गेलेली मागासलेली. हाही अंधविश्वासच आहे. कॅथलिक कॉलेज ही जन्नत नाही. तेथे ख्रिस्ती अल्पसंख्याकांचा कोटा ख्रिस्ती मुलांसाठी असतो. आमच्या मुलीला सर्वसाधारण जागांवर सर्वांशी स्पर्धा करून जावे लागते. कॉलेजागणिक आणि विषयागणिक फी वेगळी. ओढणी-नकाबाचे नियम वेगळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतल्या एका कॅथलिक शाळेत हिजाबवरून वाद झाला आणि मुलीला ती शाळा सोडावी लागली. ते आम्ही लपवणार नाही. पण २०२४ साली चेंबूरच्या ज्या महाविद्यालयाच्या पोशाखबंदीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात फेटाळला गेला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिला अंशतः स्थगिती दिली, ते महाविद्यालय कॅथलिक नव्हते, हेही लपवता कामा नये. म्हणजे प्रश्न ‘कॅथलिक की बिगर-कॅथलिक’ असा नाहीच. प्रश्न हा आहे की हे विशिष्ट कॉलेज काय शिकवते, कोण शिकवते, किती पैसे घेते, आणि आमची मुलगी आहे तशी तेथे राहू शकते का. हे जाऊन विचारायचे असते. चाचा गेले नव्हते. आम्हीही गेलो नव्हतो. ती सलीब दोघांनीही पाहिलेली नव्हती.

आणि मग तो प्रश्न, जो विचारला की आमच्या सभांमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. आमच्या मुलीला तेथे जावेसे का वाटते? सी.एस.एम.टी. स्टेशनासमोर अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत आहे. तेथून आझाद मैदानाला वळसा घालून चालत गेले की काही मिनिटांत सेंट झेवियर्स कॉलेज येते. झेवियर्सची स्थापना १८६९ ची, अंजुमनची १८७४ ची. पाच वर्षांचे अंतर! बद्रुद्दीन तय्यबजी, नाखुदा रोगे यांच्यासारख्या लोकांनी इंग्रजी शिक्षणाचा धोका पत्करला, तेव्हाही त्यांना नावे ठेवणारे होतेच. म्हणजे आमची सुरुवात उशिरा झाली नाही. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज १९३० साली उभे राहिले ते एका मुसलमानाने दिलेल्या आठ लाख रुपयांच्या देणगीमुळे. म्हणजे पैसाही नव्हता असे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आम्ही साडेअकरा टक्के आहोत, ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे संख्याही कमी नाही. मग उणे कशाचे आहे?

अल्पसंख्याकांनी आपल्या संस्था स्थापाव्यात आणि चालवाव्यात हा घटनेच्या कलम ३० चा हक्क. तो सरकारी हस्तक्षेपापासून वाचवण्यासाठी अहमदाबादचे सेंट झेवियर्स कॉलेज सर्वोच्च न्यायालयात लढले आणि १९७४ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. त्या निकालाची सावली आमच्या संस्थांवरही पडते. त्या हक्काचे त्यांनी काय केले? फादर हेरास या स्पॅनिश पाद्र्याने १९२६ साली झेवियर्समध्ये भारताच्या इतिहासाची संशोधन संस्था उभी केली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आणि आमच्या अनेक संस्थांत त्या हक्काचे काय झाले? ट्रस्टीच्या मुलाला ट्रस्टी करण्याचा हक्क. भाच्याला क्लार्क म्हणून लावण्याचा हक्क. ग्रंथालयाला कुलूप लावून चावी हेडक्लार्कच्या टेबलात ठेवण्याचा हक्क. अपवाद आहेत, चांगले अपवाद आहेत, आणि त्यांच्यापुढे आम्ही मान झुकवतो. पण नियम कोणता आहे तो वाचकांनी आपापल्या शहरात पाहावा.

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आहे आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. तो अहवाल आम्ही सरकारच्या तोंडावर फेकला. फेकायलाच हवा होता. पण त्या पंचविसांतला जो दुसरा होऊ शकला असता, त्याचे नाव किती वेळा आमच्याच मोहल्ल्यात, आमच्याच शाळेत, आमच्याच हातांनी काढून टाकले, याचा अहवाल कोणती समिती देणार?

म्हणून आम्ही आमच्यापुरते काही ठरवले आहे. ते येथे छापून ठेवतो, म्हणजे मुकरता येणार नाही. दहावीच्या मुलींना आणि त्यांच्या अम्मींना परीक्षेच्या आधीच, डिसेंबर-जानेवारीत, तीन-चार कॉलेजे दाखवायला नेऊ. त्यांत एक आमच्या समाजाचे, एक सरकारी आणि एक कॅथलिक नक्की असेल. अम्मींना मुद्दाम नेऊ, कारण अम्मीने डोळ्यांनी पाहिलेल्या भिंतीबद्दल चाचांना काही सांगता येत नाही. फी, शिष्यवृत्ती, पोशाख आणि जुम्म्याच्या नमाजची सवड याबद्दल तेथेच विचारू. आठवीपासून रोज वीस मिनिटे वर्गात फक्त इंग्रजी बोलू, चुकतमाकत का होईना, आधी आम्ही चुकू. मराठीचा तास मराठीतच घेऊ. एकटीला पाठवण्याऐवजी दोघी-तिघींना एकत्र अर्ज करायला सांगू, म्हणजे शेवटच्या बाकावर निदान सोबत असेल. गेलेल्या मुलींचा पहिल्या सत्रात दर शनिवारी शाळेतच अभ्यास घेऊ. याला सरकारी अनुदान लागत नाही, वक्फची जमीन लागत नाही.

आणि एवढे करून मुलीने घराजवळचेच कॉलेज निवडले, तर तेही मुबारक. कॅथलिक कॉलेजात गेलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. तिने पाहून, विचारून, समजून निवडावे एवढाच हट्ट आहे.

ती मुलगी परवा शाळेत आली होती. आपल्या लहान बहिणीचा दाखला घ्यायला. बहीण यंदा दहावी झाली. सलाम-दुआ झाली, तिने आमच्या तब्येतीची विचारपूस केली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, ‘‘सर, इसका फॉर्म मैं खुद भरवाऊँगी.’’ तिने टोमणा मारला नाही, आवाजही चढवला नाही. आम्ही होय म्हटले आणि खुर्चीतून उठून कॉम्प्युटरसमोरची जागा त्या दोघी बहिणींना मोकळी करून दिली.